पिस्तुलाला जास्त ताकदीचं काडतूस: पॉइंट ४० वरून ३५७ सिग, की पॉइंट ४५ वरून ४६० रोलंड?

पिस्तुलातून जास्त ताकदीचं काडतूस डागायचं, तर अमेरिकेत कायदेशीर पिस्तूल बाळगणाऱ्या नेमबाजांपुढे हे दोन मार्ग असतात: पॉइंट ४० चं (सुमारे ०.४० इंच व्यासाच्या गोळीचं) पिस्तूल ३५७ सिग काडतुसासाठी बदलणं, किंवा पॉइंट ४५ चं ४६० रोलंड काडतुसासाठी. (भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रात असा बदल करता येत नाही.) दोन्हींना ‘नळी बदलणं’ म्हणतात, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॉइंट ४० चं पिस्तूल असेल तर निर्णय सोपा आहे. १९९४ साली आलेल्या ३५७ सिगच्या पुंगळीचा (काडतुसाच्या धातूच्या कवचाचा) बुडाकडचा व्यास पॉइंट ४० एवढाच, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (डागलेली पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) आणि मॅगझिन तेच चालतं. आपल्या मॉडेलची तयार नळी घ्यायची, मॅगझिन काढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची नजरेने आणि बोटाने खात्री करायची, नळी बदलायची. कमाल दाब ३५,००० वरून ४०,००० पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) जातो. १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) गोळी सेकंदाला सुमारे १,००० फूट जात होती, त्या जागी १२५ ग्रेनची १,३५० फुटांनी जाते. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर तो वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणूनच स्लाइडवर (डागल्यावर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) वेगळा अत्याचार होत नाही. आवाज आणि ज्वाळा मात्र वाढतात, काडतुसंही महाग पडतात.

इथे घोटाळे दोनच होतात. पहिला, काडतुसांची सरमिसळ: नळीवरचा शिक्का वाचल्याशिवाय मॅगझिन भरू नका. दुसरा कमी लोकांना ठाऊक असतो. ३५७ सिगच्या पुंगळीची मान आखूड, गोळीला पकड कमी. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवलं तर गोळी आत दबते, दारूची जागा कमी होते आणि दाब एकदम चढतो. बाकीच्यांपेक्षा आखूड दिसणारं काडतूस बाजूला काढा.

पॉइंट ४५ चं ‘१९११’ नावाचं पिस्तूल ही वेगळी गोष्ट. मूळ काडतुसाची मर्यादा २१,००० पीएसआय, रोलंडचा दाब त्याच्या जवळपास दुप्पट. २३० ग्रेनची गोळी ८५० ऐवजी सुमारे १,३४० फुटांनी सुटते. संवेग (वजन आणि वेग यांचा गुणाकार) १.६ पट, म्हणजे काहीच न बदलता डागली तर स्लाइड साधारण अडीच पट ऊर्जेने मागे आदळेल. म्हणून रोलंडला पूर्ण संच लागतो: पुंगळीला बुडापर्यंत आधार देणारी नळी, तोंडावर कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडणारा जोड) आणि स्लाइडचा धक्का झेलणारी कडक रिकॉइल स्प्रिंग. कॉम्पेन्सेटर ही शोभेची वस्तू नाही. त्याचं वजन आणि वर सुटणारा वायू स्लाइडला आवर घालतात. तो काढून एकही फैर झाडू नये.

१९११ च्या साध्या नळीत, काडतूस ज्यावरून चेंबरमध्ये सरकतं त्या उताराच्या बाजूला पुंगळीचं बूड थोडं उघडं राहतं. जास्त दाबाने ते तिथेच फुटतं आणि वायू मॅगझिनच्या वाटेने हाताकडे येतो. डागलेल्या पुंगळीवर तिथे फुगवटा दिसला की थांबा. निव्वळ कडक स्प्रिंगवर भागवणाऱ्यांची दुसरी फजिती होते: स्लाइड इतकी झपाट्याने पुढे येते की मॅगझिन पुढचं काडतूस वेळेत वर देत नाही. मॅगझिनची स्प्रिंगही नवी, दमदार हवी. १९११ ची नळी बहुधा घासून बसवावी लागते. ते काम जाणत्या गनस्मिथचं.

मधला पर्याय ४५ सुपरचा, सुमारे २८,००० पीएसआय. त्याची बाहेरची मापं साध्या पॉइंट ४५ चीच, त्यामुळे ते चुकून जुन्या, कमकुवत पिस्तुलातही बसतं. हे टाळायलाच रोलंडची पुंगळी एक षोडशांश इंच लांब ठेवली आहे. घरात पॉइंट ४५ ची एकाहून अधिक पिस्तुलं असतील तर सुपर नकोच.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर रोलंडआधी कायदा वाचा: काढता येणारं मॅगझिन आणि (कॉम्पेन्सेटर बसवायला लागते तशी) आटे पाडलेली नळी असलेलं अर्धस्वयंचलित पिस्तूल तिथे ‘असॉल्ट वेपन’ ठरतं. आणि अस्वलांच्या रानात नेण्यासाठीच ताकद हवी असेल, तर संच, गनस्मिथ आणि महाग काडतुसं यांचा हिशोब मांडून पाहा. मुळातच १० मिलिमीटर ऑटोसाठी बनवलेलं ग्लॉक २० घेणं बहुतेकांना जास्त सोयीचं पडेल.