बिनबॉयलरचं मशीन, वाफेचा प्लांट की एक्सट्रूडर?

गोळी पेंडीचा छोटा कारखाना टाकायला निघालात की मशीनवाला हमखास सांगतो, 'आमच्यात स्टार्च पूर्ण शिजतो.' त्याला आधी विचारा, कुणासाठी? गाय, कोंबडी आणि मासा, तिघांची गरज वेगळी.

मक्याचा स्टार्च भरपूर पाण्यात 62 ते 72 अंशांच्या आसपास फुगून चिकट होतो, म्हणजेच शिजतो. भरड्यात ओलावा असतो जेमतेम 12 टक्के, म्हणून नुसत्या उष्णतेने काम भागत नाही.

बिनबॉयलरच्या फ्लॅट डाय मशीनला भांडवल कमी लागतं. डाय म्हणजे भोकांची जाड चकती, तिच्यातून माल दाबला की गोळी निघते. उष्णता मिळते ती डायमधल्या घर्षणाची. स्टार्च बराचसा कच्चाच राहतो, गोळी दाबावर आणि मळीवर टिकते, चुरा जास्त पडतो. स्वतःच्या गोठ्यापुरतं ठीक. पोती टेम्पोत टाकून लांब पाठवायची असतील तर नको.

वाफेच्या प्लांटमध्ये कंडिशनरात, म्हणजे डायच्या आधी वाफ मिसळायच्या टाकीत, माल 80 ते 85 अंशांवर, 16-17 टक्के ओलाव्याने भिजतो. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. वाफ ओली आली की रोलर घसरतात नाहीतर डाय चोक होते, म्हणून बॉयलरपासूनची पाइपलाइन आणि स्टीम ट्रॅप (वाफेतलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) नीट बघा. मशीनच्या रंगावर भाळू नका. गंमत म्हणजे इथेही स्टार्च बऱ्याचदा चौथ्या हिश्श्याच्या आतच शिजतो. गोळी घट्ट होते त्यात मऊ पडलेल्या प्रथिनांचाही मोठा वाटा असतो. तापमान 90 च्या पुढे नेलं तर गोळी आणखी कडक होते खरी, पण आवरण नसलेलं फायटेज (धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) आणि काही जीवनसत्त्वं मार खातात. ब्रॉयलरच्या खाद्यात हे फार महागात पडतं. जाड डाय घेतली तरी गोळी कडक होते. मात्र ताशी उत्पादन घटतं आणि विजेचं बिल चढतं.

एक्सट्रूडर म्हणजे माल जोरदार दाबाखाली शिजवून फुलवणारं मशीन. त्यात ओलावा 20 ते 30 टक्के, तापमान 110 ते 150 अंश. स्टार्च जवळजवळ पूर्ण शिजतो, दाणा फुलतो आणि पाण्यावर तरंगतो. पंगस-तिलापिया या माशांना हेच हवं. पुढे ड्रायर लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. दुभत्या गाईसाठी मात्र हा खर्च करू नये. शिजलेला स्टार्च तिच्या पोटात झपाट्याने आंबतो. प्रमाण वाढलं तर ॲसिडोसिस (पोटात आम्ल वाढणं) होतो, दुधाचं फॅट उतरतं.

गाय-म्हैस आणि कोंबडी दोन्हींचं खाद्य विकायचं असेल तर माझं मत वाफेच्या प्लांटला, आणि कूलरमध्ये काटकसर नको. गोळी बाहेरच्या हवेपेक्षा पाचेक अंशांहून जास्त गरम असताना पोत्यात भरली की आत घाम सुटतो, पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

ट्रायल तुमच्याच मिश्रणावर मागा, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) आणि सरकी पेंडीसकट. थंड, चाळलेल्या गोळ्या 500 ग्रॅम घेऊन टम्बलिंग बॉक्समध्ये (गोळीचा टिकाऊपणा तपासायच्या फिरत्या पेटीत) मिनिटाला 50 फेऱ्यांच्या वेगाने 10 मिनिटं फिरवायला लावा आणि चाळून उरलेलं वजन स्वतः काट्यावर बघा. मका-सोयाच्या डेमोवर सौदा करू नका. डीओआरबीतली सिलिका डाय कशी खाते, ते त्या डेमोत दिसत नाही.