वालपराईच्या पावसाळ्यात ८×४२ दुर्बीण : काही महिन्यांच्या वापरानंतर

उजव्या नळीत आतून बाष्प धरले, त्यावर बुरशीचे ठिपके उमटले आणि सेवा केंद्राने हात वर केले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तामिळनाडूतल्या अनामलाई डोंगरातील वालपराई पठारावरच्या प्रायमेट-वर्तनाच्या (म्हणजे माकड-वानरांच्या वागणुकीच्या) क्षेत्र-अभ्यासक्रमासाठी मी ही दुर्बीण घेतली आणि नंतरही तिथल्या निरीक्षणांसाठी वापरत राहिले.

सुरुवातीला ८ पट वर्धन अपुरे वाटले, कारण इतरांच्या १० पट दुर्बिणींतून चेहरे मोठे दिसत. दाट झाडोऱ्याखालच्या ढगाळ सकाळींनी ते मत बदलले. पुढचे भिंग ४२ मिमीचे असल्याने इथे डोळ्यात ५.२५ मिमी व्यासाची प्रकाशशलाका येते, तेवढ्याच भिंगाच्या १० पट दुर्बिणीत ती ४.२ मिमीच असते. सिंहपुच्छ माकड आणि निलगिरी वानर आकाशाच्या पार्श्वभूमीवर सारखेच काळे दिसतात. माकडाच्या आयाळीची करडी कड ओळखायला उजेडच लागतो.

बाष्पाची तक्रार मात्र मी किरकोळ मानत नाही. प्रायमेट-अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणपद्धतींची जी काटेकोर मांडणी केली, तिच्या आधारे आम्ही ठरावीक अंतराने दिसणाऱ्या प्रत्येक माकडाची कृती आणि जमिनीपासूनची उंची नोंदवत असू. भिंग धूसर झाले की शेंड्यावर कुलेनिया या उंच झाडाची काटेरी फळे सोलणारी माकडे नोंदीतून गळतात. रस्त्यावर उतरलेली मात्र नुसत्या डोळ्यांनीही मोजली जातात. चहा-कॉफीच्या मळ्यांनी तुकडे पडलेल्या जंगलात, विशेषतः वालपराईजवळच्या पुथुथोट्टम या जंगलतुकड्यातल्या टोळ्यांबाबत, ती किती वेळ जमिनीवर असतात हाच तर कळीचा प्रश्न आहे. तिथे वाहनांखाली माकडे मेली आहेत, आणि झाडांना जोडणारे झुलते पूल कुठे हवेत हे ठरवताना अशाच नोंदी उपयोगी पडतात. संकटग्रस्त प्राण्याविषयी चुकीचे चित्र उभे करणारे उपकरण स्वस्त म्हणता येत नाही.

खोक्यावर ‘जलरोधक’ असे छापलेले असूनही आतले बाष्प वॉरंटीत बसत नाही, असे सेवा केंद्राने सांगितले आणि दुरुस्तीसाठी जवळजवळ निम्मी किंमत मागितली. मी ती दिली नाही, देणारही नाही. एवढ्या पैशांत थोडी भर घातली, तर आत बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली, रबरी कड्यांनी बंदिस्त केलेली दुर्बीण येते, आणि पावसाळी जंगलासाठी तीच घ्यावी.

सध्या डाव्या नळीतून एका डोळ्याने काम चालू आहे. तक्त्यात दृश्यतेचा वेगळा रकाना आखला असून, धूसर वेळच्या नोंदी मी उंचीच्या हिशेबात धरत नाही. कोरड्या हंगामापुरती दुर्बीण हवी असणाऱ्यांनी ही खुशाल घ्यावी.