काचेच्या कपाटासाठी निळं खनिज: कॅल्कँथाइट की लँगाइट?

निळं खनिज हवं आणि ते नागपूरच्या घरात उघड्यावर मांडायचं असेल, तर नजर तांब्याच्या सल्फेटांकडे जातेच. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी जे मोरचूद वापरतात, तेच निसर्गात तयार झालं की कॅल्कँथाइट. रंगात त्याला तोड नाही, हे आधीच मान्य करतो.

पण आपला मे महिना! कॅल्कँथाइटमध्ये तांब्याच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे पाच रेणू. २५ अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांखाली उतरली की ते निसटू लागतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळी दुपारी ती त्याहून बरीच खाली असते. माझ्या नमुन्याच्या कडा आधी पांढुरक्या झाल्या, मग चकाकी गेली. कूलर चालू असेपर्यंत जरा बरं, बंद केला की पुन्हा तेच. हवाबंद डबीत टिकतं म्हणा, पण कुणाला दाखवायचं तर दरवेळी डबी उघडा, घाईने बंद करा. जे पाहायला आणलं तेच लपवून ठेवायचं, याचा मला फार त्रास झाला. त्यात बाजारात कृत्रिमरीत्या वाढवलेले स्फटिक नैसर्गिक म्हणून सर्रास खपवले जातात.

लँगाइट हे तांब्याचंच दुसरं निळं सल्फेट, पण दुर्मीळ. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या नमुन्यांवरून १८६४ मध्ये त्याचं वर्णन झालं. यात तांब्याच्या चार अणूंमागे पाण्याचे दोनच रेणू, बाकी हायड्रॉक्सिल, म्हणजे रचनेत घट्ट बांधलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट; पाण्यात ते विरघळत नाही. स्फटिक इवलेसे, दहापटीचं भिंग लागतंच. पण जुळ्या स्फटिकांची निळी चांदणी एकदा भिंगाखाली दिसली की आकाराची तक्रार उरत नाही. माझ्याकडचं उन्हाळे काढूनही निळंच आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

अडचण ओळखीची. पाण्याचा एकच रेणू असलेलं पोस्नजकाइट आणि अगदी लँगाइटच्याच सूत्राचं रोवुल्फाइट ही खनिजं लँगाइटपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढणं कठीण; खात्रीसाठी क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकाची आतली रचना ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी, करावी लागते. ही अनिश्चितता सोसवत नसेल तर ब्रोशांटाइट हे तांब्याचंच आणखी एक सल्फेट घ्या. त्यात पाण्याचा स्वतंत्र रेणूच नाही. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवरचा थर मुख्यतः त्याचाच, म्हणजे टिकाऊपणाची काळजी नको. फक्त ते हिरवं असतं, आणि आपल्याला निळं हवं होतं.

म्हणून जमलं तर लँगाइटच बघा, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा.