घरगुती डिजिटल मल्टिमीटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

पंख्याचा कपॅसिटर मोजता यावा, एवढ्यासाठी घेतलेला हा मल्टिमीटर गेल्या उन्हाळ्यापासून घरात, संगणकावर आणि गाडीत सतत वापरात आहे. पंख्याचे काम त्याने पहिल्याच आठवड्यात केले : कपॅसिटरवर 2.5 मायक्रोफॅरड छापलेले असताना मीटरने जेमतेम 1.6 दाखवले. नवा कपॅसिटर बसवताच पंखा पूर्ववत फिरू लागला आणि रेग्युलेटर बदलण्याचा खर्च वाचला.

मीटरचे खरे मोल मात्र गाडीने पटवले. सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येई आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे होते की बॅटरी संपली आहे. उभ्या गाडीत मीटर 12.6 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज होती. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण खरी परीक्षा लोड पडल्यावरच, म्हणजे बॅटरीतून प्रत्यक्ष वीज खेचली जाताना होते. मुलाला सेल्फ मारायला सांगून मीटरचे प्रोब (वायरींची टोकदार टोके) बॅटरीला वायरी जोडणाऱ्या दोन्ही क्लॅम्पना लावले, तेव्हा आकडा 8 च्या खाली आला. तेच प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवले, तर तो 11 च्या वर टिकून राहिला. याचा अर्थ बॅटरी धडधाकट होती आणि व्होल्टेज खुंटी व क्लॅम्प यांच्यामधल्या पांढऱ्या-हिरवट थरात खर्ची पडत होता. क्लॅम्प सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासून ते घट्ट आवळले आणि गाडी सुरू झाली. इंजिन चालू असताना 14.1 व्होल्ट दिसले, त्यामुळे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवरचा संशयही फिटला.

घरातल्या वायरिंगलाही हीच लोडची कसोटी लागू पडते. बटण बंद असूनही बल्बच्या होल्डरवर 70 व्होल्ट दिसत होते. मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने शेजारच्या चालू वायरीमुळे असा फसवा आकडा येतो. होल्डरला जुना तारेचा बल्ब लावताच तो आकडा शून्यावर आला.

उणिवा सांगायच्या तर प्रोबच्या वायरी कडक आहेत आणि कंटिन्युइटीचा (वायर अखंड असल्याचे सांगणारा) बझर किंचित उशिरा वाजतो. लाल प्रोब 10 अँपिअरच्या छिद्रात राहिला असताना व्होल्टेज मोजल्यास थेट शॉर्ट होतो, म्हणून दर वेळी छिद्र पाहूनच प्रोब लावावा. कपॅसिटर मोजण्यापूर्वी मेन स्विच बंद करून तो डिस्चार्ज करणे, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकणे अनिवार्य आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र या मीटरच्या भरवशावर कधीही उघडू नये. त्यातला व्होल्टेज हजारांच्या घरात असतो आणि माझा मीटर 600 व्होल्टपर्यंतचाच आहे.