समुद्राकडच्या दोन खिडक्या: यूपीव्हीसी ‘टिल्ट अँड टर्न’चा एका पावसाळ्याचा अनुभव

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या खिडकीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच होते. आमच्या दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत पश्चिमेला दोन खिडक्या आहेत. इमारत बांधली तेव्हापासून तेथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या. यंदा एप्रिलमध्ये त्या काढून आम्ही यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या ‘टिल्ट अँड टर्न’ प्रकारच्या, म्हणजे आत उघडणाऱ्या आणि वरून आत झुकवताही येणाऱ्या, खिडक्या बसवून घेतल्या. एक पूर्ण पावसाळा त्यांच्यासोबत काढल्यावर, आता ऑक्टोबरमध्ये, हा अनुभव लिहीत आहे.

बदल करण्यामागे दोन कारणे होती, आणि दोन्ही सरकत्या खिडकीच्या रचनेतच आहेत. सरकत्या काचा एकमेकींना ओलांडून जायच्या, म्हणजे त्यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते. ती फट रबराने दाबून बंद करता येत नाही, तेथे केसाळ ब्रशची पट्टी असते. ती पट्टी धूळ अडवते, पण वाऱ्याने रेटलेले पाणी अडवत नाही. खालच्या ट्रॅकमध्ये साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात, मात्र बाहेरून वाऱ्याचा दाब असेल तेव्हा ते पाणी बाहेर न जाता ट्रॅक भरून आत ओसंडते. दर पावसाळ्यात खिडकीखाली जुन्या चादरी अंथरणे हे आमच्या घरचे नित्यकर्म होऊन बसले होते, ते यामुळेच.

दुसरे कारण हवेचे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण आणि दमट प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान १/६ इतके खिडकीचे क्षेत्र असावे. आमची शयनखोली १२ फूट बाय १० फूट, म्हणजे २० चौरस फूट खिडकी हवी, आणि ५ बाय ४ फुटांची खिडकी हा हिशेब तंतोतंत पूर्ण करते. परंतु दोन ट्रॅकची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. कागदावर २० चौरस फूट असले, तरी वाऱ्याला वाट मिळते ती जेमतेम १० चौरस फुटांची. गावाकडच्या घरात चार झडपांची सागवानी खिडकी होती. आडोसा हवा असला की खालच्या दोन झडपा लावायच्या आणि वरच्या दोन उघड्या ठेवायच्या. त्या साध्या सोयीची आठवण मला या सदनिकेत वारंवार होत असे.

‘टिल्ट अँड टर्न’ने ती सोय वेगळ्या रीतीने परत दिली आहे. आमच्या प्रत्येक चौकटीत दोन झडपा आहेत. मूठ खाली असेल तेव्हा झडप बंद, आडवी केली की ती दारासारखी आत उघडते, आणि वर केली की खालची कड जागेवर राहून वरची कड काही इंच आत झुकते. ही तिसरी सोय फक्त उजव्या झडपेला आहे. डावी नुसती आत उघडते. भर पावसात उजवी झडप झुकती ठेवली की वरून हवा येत राहते, आणि वारा फारच वळला नाही तर पाणी आत येत नाही. जुलैमधल्या दमट रात्री केवळ या एका गोष्टीसाठी खर्च सार्थकी लागला असे मला मनापासून वाटले. झडप बंद करताना कुलपाच्या पट्टीवरचे अनेक खिळे चौकटीत अडकून ती चारही बाजूंनी रबरावर दाबून धरतात. आत उघडणाऱ्या झडपेला हे आवश्यकच असते, कारण वारा तिला रबरापासून दूर ढकलत असतो. झडप आत उघडत असल्याने बाहेरची जुनी ग्रिल काढावी लागली नाही, आणि बाहेरची काच घरातूनच पुसता येते.

साहित्याबद्दल थोडे. यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारे द्रव्य न मिसळलेले पीव्हीसी. त्याला वाळवी लागत नाही, ते गंजत नाही, रंग द्यावा लागत नाही. मात्र ते अ‍ॅल्युमिनियमइतके ताठ नसते, म्हणून सेक्शन (चौकटीच्या पोकळ पट्ट्या) जाड करून त्याच्या पोटात जस्तलेपित पोलादी पट्टी घालतात. परिणामी चौकट आणि झडपा मिळून बरीच जागा खातात आणि काचेचे क्षेत्र घटते. आमच्या खोलीतला संध्याकाळचा उजेड स्पष्टपणे कमी झाला आहे. शयनखोलीत आम्ही दोन काचांमध्ये पातळ पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड काच घेतली. पहाटे मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराकडे जाणाऱ्या बर्फाच्या टेंपोंचा आवाज आता झडप बंद असताना जवळजवळ ऐकू येत नाही. अर्थात त्यात काचेइतकाच वाटा फटी बुजण्याचा आहे.

आता तक्रारी, आणि त्या खिडकीपेक्षा ती बसवणाऱ्यांविषयी अधिक आहेत. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात दिवाणखान्याच्या खिडकीतून पाणी आत आले. ठेकेदाराचा माणूस तीन फोन आणि नऊ दिवसांनंतर आला. तपासल्यावर दिसले, की चौकटीच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची छिद्रे फिटरने बाहेरून सिलिकॉन भरताना बुजवून टाकली होती, आणि खालच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतारच नव्हता. छिद्रे मोकळी करून पट्टा पुन्हा बसवल्यावर त्यानंतर थेंबही आत आला नाही. याचा अर्थ इतकाच, की खिडकी निर्दोष होती आणि आम्ही नऊ दिवस विनाकारण चादरी पिळल्या. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी बाहेरून पाइपने पाण्याचा जोरदार मारा करून खिडकी तपासून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय चौकट भिंतीत धरणारे काही स्क्रू साधे लोखंडी निघाले. खाऱ्या वाऱ्याने चार महिन्यांत त्यांची डोकी तांबडी झाली. ते आता स्टेनलेस स्टीलचे करून घेतले आहेत, पण हे कोटेशनमध्येच लिहून घ्यायला हवे होते.

आत उघडणाऱ्या झडपेच्या अडचणीही ध्यानात ठेवाव्यात. पडद्याची दांडी पुढे घ्यावी लागली, खिडकीच्या कट्ट्यावरच्या कुंड्या हलवाव्या लागल्या, आणि झडपेचा कोपरा लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर येतो. किंमतही सरकत्या यूपीव्हीसी खिडकीच्या जवळजवळ दीडपट पडली.

म्हणूनच पूर्वेकडची स्वयंपाकघरातील सरकती खिडकी आम्ही बदललेली नाही. त्या बाजूला पावसाचा मारा नाही, ओट्यावर झडप आत उघडायला जागा नाही, आणि तेथे रोलर व ब्रशची पट्टी नवी घातल्यावर ती पुन्हा बोटाने सरकू लागली आहे. न्हाणीघरातील काचेच्या पट्ट्यांची खिडकीही तशीच ठेवली आहे.