फोशानचा सोफा की भवानी पेठेतलं सागवान?
बाणेरच्या फ्लॅटसाठी दोन्हीकडे चौकशी केली. चीनमधलं फोशान म्हणजे फर्निचरचं माहेरघर. 2018 नंतर अमेरिकेच्या वाढीव करामुळे बरेच कारखाने व्हिएतनामला सरकले, तरीही. कारखान्याचा दर ऐकून हरखलोच. पण तिथला हिशोब कंटेनरचा: 40 फुटी कंटेनरमध्ये साधारण 67 घनमीटर जागा, आपला सोफा जेमतेम 2. मग दुसऱ्यांच्या मालासोबत भागीत आणायचा; वर जहाजभाडं, सीमाशुल्क, जीएसटी, न्हावाशेवाहून टेम्पो. आणि पाय मोडका निघाला तर? परत कोण पाठवतंय!

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात फळी नखाने खरवडून बघता येते. सुतारकाका तारीख चुकवणार, हे धरूनच चाला. एका घराला तेच बरे. पंचवीस खोल्यांचं हॉटेल असेल तर मात्र फोशान. फक्त माल जहाजावर चढण्याआधी तपासून घ्या.