इंजिन रीबिल्डच्या नावाखाली ४,८५० पौंडांना गंडलो, जुनी गाडी असेल तर वाचा

आधी आकडाच सांगतो. ४,८५० पौंड. रुपयात करू नका, मी केले आणि दोन रात्री झोप नाही आली. आणि हे सगळं अशा माणसाच्या बाबतीत झालं ज्याचे वडील, आमचे आबा, कराडला एसटीत मेकॅनिक होते, आयुष्यभर इंजिनं खोलली त्यांनी. म्हणजे "तुला गाडीतलं काही कळत नसेल" असं कुणी म्हणू नका, कळतं, कळत होतं, तरी फसलो, म्हणूनच लिहितोय.

गाडी १९७३ ची एमजीबी, दोन सीटची, वरून उघडी. मी रेडिंगला राहतो आणि ही गाडी बनायची ती अ‍ॅबिंग्डनला, इथून तासाभरावर. १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांच्या वर बनवल्या, त्यामुळे पार्ट सगळे मिळतात, १७९८ सीसीचं साधं लोखंडी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, आबा फोटो बघून म्हणाले होते की हे तर मी डोळे झाकून खोलेन. हौस होती हो. बायको म्हणते हौसेला मोल नसतं हे तुझ्या बाबतीत खरं नाही, मोल आहे, आणि ते बँक स्टेटमेंटमध्ये दिसतंय.

ऑक्टोबर २०२२ मध्ये टेम्परेचरचा काटा चढायला लागला, एक दिवस पार टोकाला गेला. तेलाचं झाकण काढलं तर खाली ताकावर लोणी यावं तसा पांढरा फेस. हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. इथपर्यंत ठीक, या इंजिनात होतंच हे. खरं तर नुसतं हेड उतरवून प्लेन करून गॅस्केट बदललं असतं तर काही शे पौंडांत काम झालं असतं, पण मी गेलो "स्पेशालिस्ट"कडे. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात ओळख झालेली. साठीचा माणूस, नखात ग्रीस, बोलणं मधासारखं. दोन वेळा चहा पाजला. म्हणाला हेड काय करतोस, पन्नास वर्षांचं इंजिन आहे, एकदाच फुल काम करून घे, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड, सिलिंडर बोअर, नवे पिस्टन, नवी बेअरिंगं, मग तुझा मुलगा पण चालवेल. मुलाचं नाव काढलं की आपण पाघळतो हे यांना बरोबर माहीत असतं.

पैसे असे गेले. नोव्हेंबरात अ‍ॅडव्हान्स १,२०० पौंड. डिसेंबरच्या सुरुवातीला मशीन शॉपला द्यायचेत म्हणून १,४००. ख्रिसमसच्या आधी फोन, ब्लॉकला तडा सापडला, दुसरा ब्लॉक घ्यावा लागेल, ६४०. आणि गाडी न्यायच्या दिवशी उरलेले १,६१०. सगळे बँक ट्रान्सफरने. बिल कंपनीच्या नावावर आणि खातं त्याच्या स्वतःच्या नावावर, हे मला दिसलं होतं, मी म्हटलं छोटा धंदा आहे, चालायचंच. नाही चालत! बिल एकाच्या नावाने आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, तिथेच थांबायचं.

मधे विश्वास बसावा म्हणून फोटो पाठवायचा. ग्राइंड करून आलेला क्रँक, आरशासारखा. मी तो फोटो ऑफिसमध्ये लोकांना दाखवला. तीन महिन्यांनी आबांना पाठवला तेव्हा त्यांचा पाच मिनिटांत फोन, "लेका, हा तुझ्या गाडीचा क्रँक नाही, मोजलास का?" या इंजिनाला १९६४ पर्यंत तीन मेन बेअरिंग (ज्यांच्यावर क्रँक फिरतो ती) होती, नंतर पाच झाली. माझी गाडी ७३ ची. फोटोतल्या क्रँकला तीन. एक, दोन, तीन, बालवाडीतलं पोर मोजेल. "मला तेव्हाच का नाही दाखवलास?" यावर मी काय बोलणार, की म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे किती पैसे घालतोय हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

पण फोटोचं सोडा. ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला अजून शिव्या घालतो ती १४ जानेवारीची. शनिवार, दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी त्या माणसासाठी डब्यात तिळगूळ घेऊन गेलो होतो. हो, तिळगूळ. बाहेर कडाक्याची थंडी, विंडस्क्रीनवर बर्फ खरवडत निघालेलो. तो म्हणाला, "मंगळवारपासून हात लावला नाही, तू आल्यावर तुझ्यासमोरच चालू करायचं ठरवलं होतं." आणि मी बोलता बोलता बॉनेटवर हात टेकवला आणि बॉनेट कोमट होतं.

कोमट. जानेवारीत. चार दिवस बंद असलेल्या गाडीचं.

आणि मी काय केलं? दुसरा हातही ठेवला. बरं वाटलं थंडीत. हात शेकले मी त्या बॉनेटवर, अक्षरशः हात शेकले, आणि डोक्यात एवढाच विचार की किती छान काम केलंय. गार इंजिन सुरू होताना जे काही लपवता येत नाही, पिस्टनचा खडखडाट, पहिल्या स्टार्टचा निळा धूर, ते सगळं त्याने मी यायच्या आधी उरकून घेतलं होतं. जुनी गाडी घेताना किंवा कामावरून आणताना इंजिन गरम असेल तर सरळ सांगा की उद्या सकाळी येतो, हात लावू नका. आबा लहानपणी सांगायचे, गाडीचं खरं सकाळच्या पहिल्या सेल्फला कळतं. माहीत होतं मला! पण लायसन्स मिळालेल्या पोरासारखा खूश होतो, पैसे पाठवले, तिळगूळ दिला, गोड गोड बोललो, निघालो.

पुढचं लवकर सांगतो. पंधरा दिवस, २१२ मैल. पन्नासच्या वर एकदाही नेली नाही, नवीन इंजिन रनिंग-इन करतोय या समजुतीने तळहातावरच्या फोडासारखी जपली. २९ तारखेला रविवारी ए३४ वरून ऑक्सफर्डला निघालो. ऑइल प्रेशर या गाडीत चालताना ५० ते ८० असायला हवं, माझं आधी एम४ हायवेवर ५० होतं, मग ४०, न्यूबरीच्या पुढे ३०. मी म्हटलं पन्नास वर्षांचं घड्याळ, खोटं दाखवत असेल. (खोटं दाखवणारा दुसराच होता.) मग ठकठक सुरू झाली, बाजूला घ्यायच्या आत एक धाडकन आवाज, धूर, आणि मागे रस्ताभर तेल. अ‍ॅबिंग्डनच्या एक्झिटपासून मैलभर अलीकडे. म्हणजे जिथे जन्मली त्या गावाच्या वेशीवरच गेली बिचारी.

टोइंग १८५ पौंड. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उतरवून खोलायचे ४२० घेतले, पण तो माणूस प्रामाणिक, प्रत्येक पार्टचा माझ्यासमोर फोटो काढला. तेल काकवीसारखं जाड, प्रेशर वर दिसावं म्हणून घट्ट करणारं काहीतरी ओतलेलं. गाडी थोडा वेळ चालली की चालतं, तासभर तापली की पातळ होतं आणि सोंग संपतं. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा, ब्लॉक फोडून बाहेर, बाजूला हात जाईल एवढी खिडकी. बाकीच्या तीन सिलिंडरची बेअरिंगं काढून उलटी केली. क्रँक ग्राइंड केला की जाड बेअरिंग लागतात आणि त्यांच्या पाठीवर ०१०, ०२० असा साइज ठोकलेला असतो. माझ्या बिलावर ०१० लिहिलेलं. बेअरिंगच्या पाठीवर 'एसटीडी'. पूर्वी आपल्याकडे पिवळ्या बूथवर असायची तीच अक्षरं. स्टँडर्ड, म्हणजे क्रँक ग्राइंड झालाच नाही, बेअरिंगं जुनीच, खालचं तांबं दिसायला लागलेलं. पिस्टन बिलात ०३०, म्हणजे बोअर केल्यावर लागणारे मोठे, पण टाळूवर काहीच छाप नाही, जुनेच घासून बसवलेले. ब्लॉकही माझाच जुना, तडाबिडा काही नव्हता त्याला, आता मात्र आहे. नवीन काय होतं तर हेड गॅस्केट आणि बाहेरून मारलेला चकचकीत रंग.

स्पार्क प्लगच्या भोकातून घालायचा वीस-पंचवीस पौंडांचा छोटा कॅमेरा मिळतो, पिस्टनवरचा नंबर त्यातून दिसतो. एवढंच. वीस पौंड.

त्याला फोन केला तर पहिलं वाक्य, "जोरात चालवलीस ना?" दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

आता साहेब लोकांची गंमत. पोलिसांत गेलो, ते म्हणाले माणसाने काम केलंय, चांगलं की वाईट हा दिवाणी मामला. मी म्हटलं केलेलंच नाही, हे बघा बेअरिंग. प्लॅस्टिकच्या पिशवीतली बेअरिंगं काउंटरवर ठेवली तर त्या बाईंनी विचारलं ही शार्प आहेत का. गावाकडे काय नि इथे काय, "दिवाणी मॅटर आहे" हे वाक्य बहुतेक जगातल्या सगळ्या ठाण्यांत भिंतीवर लिहिलेलं असतं. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर ४७ मिनिटं संगीत ऐकलं, मग समजलं की ते माहिती पुढे पाठवतात, पुढचे लोक मला फोन करतील किंवा करणार नाहीत, आणि मी त्यांना थेट फोन करू शकत नाही. म्हणजे देवाला नवस, फक्त नारळ नाही. फसवणूक ऑनलाइन नोंदवली, लांबलचक नंबर मिळाला, सात आठवड्यांनी पत्र की तपास करण्याजोगं काही आढळलं नाही. त्याचा पत्ता, खातं, फोटो, बिलं सगळं दिलेलं, अजून काय आढळायला पाहिजे होतं, तो स्वतः हात वर करून? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत आणि माल-कामाचा वाद आमच्याकडे येत नाही. तिथल्या पोराने वर सल्ला दिला की क्रेडिट कार्ड वापरायचं होतं. बरोबर आहे त्याचं, म्हणूनच जास्त राग आला. इथे १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या कामाचा थोडा जरी अ‍ॅडव्हान्स क्रेडिट कार्डने दिला तर पूर्ण रकमेला कार्ड कंपनी जबाबदार धरता येते, १९७४ चा कायदा आहे, कलम ७५. कार्ड चालत नाही म्हणाला तर गाडी परत न्या.

शेवटी कोर्टात स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, टाकला, टोइंग आणि खोलायचे धरून ५,४५५ चा, फी ४५५. तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने. निकालाचा कागद छान आहे, फ्रेम करता येईल. पण दावा कंपनीवर, आणि कंपनीच्या नावावर नट आवळायचा एक पानासुद्धा नाही, वसूल कुठून करणार. कंपनीज हाउसच्या (इथलं कंपन्यांचं सरकारी रजिस्टर) साइटवर फुकट दिसतं, मी पहिला अ‍ॅडव्हान्स दिला तेव्हा ती कंपनी चार महिन्यांची होती आणि हा मला तीस वर्षांचा धंदा सांगत होता. बघायला दोन मिनिटं लागली, पण कधी बघितलं, तर निकाल लागल्यावर. आता त्याच्यावर वैयक्तिक दावा टाक म्हणतात, म्हणजे परत ४५५.

गाडी ताडपत्रीखाली आहे. आबा दर रविवारी विचारतात, मी म्हणतो ब्लॉक शोधतोय. परवा एका मित्राने लिंक पाठवली, त्या माणसाची नवीन जाहिरात, नवीन नाव, खाली "नुकतंच पूर्ण केलेलं रीबिल्ड" आणि रंगवलेल्या इंजिनाचा फोटो. दुसऱ्या प्लगच्या वायरला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती मी गुंडाळली होती.